टिकाराम पिऊन नव्हता

कॅम्प-१, भिलाई
८ जून

पियूष,

उजव्या हाताले प्लास्टर हाये म्हणून डाव्या हातानं लिहून राहिली. अक्षर लागलं नाही तं रुक्मा मावशीले विचार, पण वाच. तू माहा नंबर ब्लॉक केला, मंग मी काय करू? मावशी बाजाराले आली होती, तिच्याच पिशवीत हे टाकून राहिली. नंदिनी नगरात मावशीच्या घरी दडून बसलं म्हणजे कोनाले पत्ता लागत नाही, असं वाटलं का तुले? तिनं पहिल्याच दिवशी आईले सांगतलं.

मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरनं विचारलं कसं झालं, तं मी म्हटलं मोरीत घसरली. आई बाजूले उभी होती, तिनं मान खाली घातली. पोराच्या हातून पोरीचं हाड मोडलं, हे ती कोनत्या तोंडानं सांगंल?

तुह्या कपाळाचं काय झालं? रक्त लय गेलं होतं, ओट्यावर अजून डाग हाये. पोळपाट हाती लागलं म्हणून तू वाचला. बाजूलेच बत्ता होता अन् त्या टायमाले मले काहीच दिसत नव्हतं. पश्चात्ताप झाला म्हणून लिहून नाही राहिली, बरं का. परत अंगावर येशील तं परत मारीन.

पण दिवस तरी पाहायचा बाप्पा! बाबाचं पुण्यानुमोदन. भन्तेजी जेवून दाराबाहेर पडले नाही तं तू सुरू. माह्या लॅपटॉपवर नकाशा उघडा होता, तू वाकून पाहिलं अन् पिसाळलाच. "उतरव ते. आत्ताच्या आत्ता उतरव." मी नाही म्हटलं तं मनगट धरून पिरगळलं, लॅपटॉप उचलून फरशीवर आदळला. आई मधात आली, तिलेही ढकललं. लोक दारात पत्रावळी घेऊन उभे होते पियूष, अन् आपन भाऊ-बहीन एकमेकांचे केस धरून.

तू नीट पाहिलंच नाही, म्हणून सांगते तो नकाशा काय हाये. साऱ्या दुनियेचा हाये. पूर आला, वादळ आलं, जंगल जळलं, ऊन लागून लोक मेले, त्या त्या जागी एक ठिपका. पुराचा निळा, उन्हाचा लाल. खाली एक पट्टी हाये, ती बोटानं सरकवली की वर्षं सरकतात अन् अंगावर गोवर उठावा तसे ठिपके उठत जातात. कोनत्याही ठिपक्यावर बोट ठेवलं की एक कार्ड उघडते. कोन मेला, कसा मेला. अन् मिळाला तं तिथल्या माणसाचा आवाज, त्याच्याच भाषेत. वर्षभर मी हेच करून राहिली. तुमाले वाटे दीक्षा कम्प्युटरवर गेम खेळते.

त्यात भिलाईवर मी एक लाल ठिपका ठेवला. टिकाराम, रोलिंग मिलचा मजूर, नवतप्याच्या नऊ दिवसांत ऊन लागून मेला. बस, एवढंच लिहिलं होतं.

अन् तू सगळ्यांसमोर ओरडला, "बाबा पिऊन होता, साऱ्या मिलले माहीत हाये. तू दुनियाभर इज्जत काढून राहिली."

कोन पिऊन होता बे? दीक्षाभूमीवर उभं राहून त्यानं पंचशील म्हटलं, त्या दिवसापासून थेंबाले शिवला नाही बाबा. लग्नात कोनी ग्लास पुढं केला तं उठून बाहेर जाऊन बसे. त्या मानसाले मिलच्या कागदात "नशेत पडून मृत्यू" लिहिलं, अन् तू त्यावर मुंडी हालवली. त्याच्या आधी पंगतीच्या मागच्या रांगेत दोघं म्हणून राहिले होते, शेवटी दारूनंच नेला टिकारामले. आई खीर वाढत होती. तिनं ऐकलं. तिचा हात तिथंच थांबला, मंग परत वाढाले लागली.

म्हणून मले तो ठिपका पायजे. समजलं?

आता काम सांगते. सध्या तो ठिपका फक्त मले अन् आमच्या कामाच्या लोकांलेच दिसते. वीस तारखेले नकाशा सगळ्यांसाठी उघडणार. नकाशाचं काम पाहणारे आमचे पुण्याचे कौस्तुभ सर म्हणतात, "दीक्षा, कागद एक सांगतो आणि तू दुसरं सांगतेस. तिथे हजर असलेल्या माणसाची साक्ष हवी. नावासकट, आवाजासकट. नियम सगळ्या जगाला एकच आहे." बरोबर हाये त्याईचं. मीच दुसऱ्यांचे ठिपके ह्या नियमानं उडवले हायेत.

तू त्या दिवशी तिथं होता. सुपरवायझर हायेस. फोनवर दोन वाक्य बोल, की बाबा पिऊन नव्हता. देवराव ठेकेदार नोकरीवरून काढंल, मले माहीत हाये. काढू दे. बाप तुहा होता का देवरावचा?

जय भीम लिहाचं मन नाही आज.

ताई


११ जून

पियूष,

तू तिथं होता असं मी लिहिलं होतं. किती होता, ते आज समजलं.

बाबाच्या पाळीतले बाबुलाल काका स्वतःहून घरी आले. आई पाण्याच्या नळावर गेली होती तेच पाहून आले. पंख्याखाली बसले, पानी पिले, अन् म्हणाले, "पोरी, मी सांगतो, पण तुह्या आईले सांगजो नको."

काकांनी त्या दिवसाचं सगळं सांगतलं. सकाळपासून पाण्याचा ड्रम रिकामा होता. देवराव म्हणे टँकर येऊन राहिला. दुपार झाली, बाहेर नवतपा अन् आत भट्टी. बाबाच्या हातून सांडशी सुटली, लाल सळई पायाजवळून गेली, अन् बाबा हासाले लागला. मंग शिव्या. मेलेल्या मोठ्या भावाले हाका. कोनी धराले गेलं की त्याले ढकले. मंग रॉड उचलून तुह्या अंगावर धावला, तुह्या खांद्यावर मारला. अन् तू त्याच्या कानफटात मारली. तो पडला. उठला. तू परत मारली.

काकांनी बाबाच्या अंगाले हात लावला तं तव्यावानी तापलं होतं, अन् घामाचा थेंब नाही. ते म्हणाले, "पियूष, हे पिल्याचं नाही दिसत. सावलीत ने, पानी टाक याच्यावर."

अन् तू काय म्हणाला? काकांनी जसंच्या तसं सांगतलं. "काका, माहा बाप हाये. पेला की कसा करते ते मले माहीत हाये. कोंडा याले. उतरंल."

टिनाच्या स्टोअरमधी! वरून ऊन, आत लोखंड, खिडकी नाही. कडी तू लावली. बाबा दार ठोकत होता, अन् देवराव तुह्या पाठीवर थाप मारून म्हणाला, चांगलं केलं, काम थांबलं नाही पायजे. मंग ठोकनं बंद झालं. तू म्हणाला, झोपला.

दार उघडलं तं काका म्हणे टिनाले आतून रक्त लागलं होतं. बाबाचे नखं निघाले होते पियूष.

ह्या ओळीवर मी उठून गेली होती. भांडे घासले. मंग आली.

आता समजलं तू त्या ठिपक्यावर का तुटून पडला. माहं हाड का मोडलं. मले वाटे नोकरीसाठी करून राहिला, भित्रा हाये. तुह्या तोंडावर थुंकावं वाटते. नंदिनीले येऊन त्याच स्टोअरमधी तुले भरावं, बाहेरून कडी लावावी अन् टिनावर गोटे हानत बसावं असं वाटते. हे खरं वाटते, मी उगाच लिहून नाही राहिली. सकाळपासून तेच तेच डोक्यात येऊन राहिलं. पोळपाटाच्या जागी बत्ताच लागाले पायजे होता.

दुपारी काम उघडलं, तू आदळलेला लॅपटॉप तडकला पण चालते. काम नाही करन तं काय करन? डाव्या हातानं माऊस चालवते. लाल ठिपक्यांचे कार्ड वाचाले लागली. माहेच लिहिलेले हायेत, पण कधी असे वाचले नव्हते. वाळवंटातल्या एका बांधकामावर मजूर हासत-नाचत सुटला, त्याले पोलिसांनी दारुड्या म्हणून गाडीत टाकलं. दूर कुठल्या शहरात एका बाईले शेजाऱ्यांनी खाटेले बांधलं, भूत लागलं म्हणून. डोक्यात ऊन गेलं की मानूस असाच करते. हासते, शिव्या देते, मारते. मीच लिहिलं होतं हे सगळं, अन् बाबाच्या कार्डात फक्त "ऊन लागून" लिहून मोकळी झाली.

अन् एक गोष्ट डोक्यात बसली ती जात नाही. आपन लहान होतो तवा बाबा पिऊन आला की तू अन् मी पलंगाखाली घुसत होतो. त्याच शिव्या, तेच हासनं, हातात जे येईल ते. तू माहं बोट चावून धरे, रडनं ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मिलमधी तुले तोच बाबा दिसला. परका मानूस असता तं त्यानं पानी टाकलं असतं, कावून की परक्यानं बाबाचा मार खाल्ला नव्हता. काकाले दिसलं, तुले नाही दिसलं.

मी असती तं कडी लावली असती का? मले माहीत नाही. हे विचारून मी तुले माफ करून नाही राहिली, ध्यानात ठेव. मी फक्त तुह्यावर जेवढ्या जोरानं ओरडाचं ठरवलं होतं तेवढं ओरडता येऊन नाही राहिलं, म्हणून जास्तच राग येऊन राहिला.

बाबुलाल काकांनी आपला आवाज दिला. तुहं नाव घेतलं नाही, "कोनीतरी कोंडलं" असं म्हणाले. चालंल सरांना. तुही गरज नाही आता. राहा तिथं.

दीक्षा


१५ जून

पियूष,

काकाले मारलं. ते आपल्या घरी आले होते, हे कोनीतरी देवरावच्या कानावर घातलं. मिलच्या मागच्या फाटकावर देवरावच्या मानसांनी धरलं, सायकलच्या चेननं मारलं. एक डोळा उघडत नाही. त्यांची बायको मैनाबाई सकाळी माह्या पाया पडाले आली, वयानं मोठी असून. "तो आवाज मिटवून टाक माय, आमाले पोरं हायेत." मी तिच्यासमोर मिटवला. काय करती?

त्याच दिवशी देवराव आपल्या घरी आला. सोबत दोन जण. एकानं खिडकीचे काच फोडले, बोलाच्या आधीच. दुसऱ्यानं बाबाचा फोटो भिंतीवरून काढून पायाखाली घेतला. देवराव खुर्चीवर बसला अन् आईले म्हणाला, "भीमाबाई, पोरीले समजाव. तो ठिपका का फिपका काढाले लाव."

आई म्हणाली, "कावून काढावं? ऊन लागून मेला माहा मानूस."

तं तो हासला. "बाई, तुह्या मानसाले तुह्याच पोट्ट्यानं कोंडला. मारून कोंडला. ठिपका चढला तं पोलिस येतीन, अन् पहिले तुहा पियूष आत जाईन. मी तुह्याच भल्याचं सांगून राहिलो."

मी आईकडे पाहू शकली नाही. मी तिले सांगतलंच नव्हतं.

चुलीवर भात उकळत होता. आईनं भाताचं गंज-पातेलं उचललं, पसियाचं पानी काढाले उचलते तसं, शांतपने. अन् ते उकळतं पानी देवरावच्या मांडीवर ओतलं, भातासकट. तो असा किंचाळला की कॅम्प-१ ची आपली अख्खी गल्ली बाहेर आली. त्याच्या मानसानं आईच्या तोंडावर बुक्की मारली, तिचा ओठ फाटला. मी प्लास्टरचा हातच त्याच्या नाकावर मारला. आवाज आला, नाकाचा का माह्या हाडाचा ते नाही समजलं. मंग गल्लीतले लोक धावले अन् त्या दोघांले तुडवलं. मी थांबवलं नाही. खोटं कशाले बोलू, मले बरं वाटलं.

सगळे गेल्यावर आई फुटलेल्या काचा वेचत बसली. मी म्हटलं आई, राहू दे, हाताले लागंल. ती ऐकेच ना. मंग मधातच विचारलं, "पेला होता का तो?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं. ऊन गेलं होतं डोक्यात. बाबुलाल काकांनी हात लावून पाहिला होता."

"मंग चढव."

"आई, पन पियूष..."

"मी तुले पियूषचं विचारलं का?"

बस. काचा बाहेर टाकून आली अन् निजली. जेवलीही नाही. तुह्या नावानं रडली का, ते मले विचारू नको.

मी कौस्तुभ सरांना फोन केला. सगळं सांगतलं, तुहं सुद्धा. ते मंग म्हणाले, "दीक्षा, मला वाईट वाटतंय. पण साक्षीशिवाय मी तो ठिपका ठेवू शकत नाही. वीसच्या सकाळी काढावा लागेल." मी त्याईच्यावर ओरडली. त्यांनी ऐकून घेतलं.

तं आता असं हाये. साक्ष द्यायले उरला तू एकटा. तू बोलला तं आत जाशील. नाही बोलला तं बाबा दारुडा म्हणून राहील, कागदात राहील, लोकांच्या तोंडी राहील, अन् आई जिवंत असेपर्यंत ते ऐकत राहील. मी तुले हात जोडून नाही राहिली. ओडिशाले पळून जाशील तं जा, मी कोनाले पत्ता सांगनार नाही. देवराव तुलेही शोधून राहिला, सांभाळून राहा. मावशीले म्हण दाराले आतून कडी लाव.

कडी लिहिलं अन् कसंसंच झालं.

ताई


३० जून

पियूष,

मावशीच्या फोनवरून पाठवलेला तुहा आवाज एकोणीसच्या दुपारी मिळाला. पाठवून तू सरळ पोलिस थान्यात जाऊन बसला, हे मले नंतर समजलं. देवरावच्या मानसांनी तुले त्याच्या आधी गाठलं होतं, हे त्याच्याही नंतर. मावशी सांगे दोन दात गेले, बरगडी गेली. आवाजात समजते. "प" म्हणताना हवा निघते तुह्या तोंडातून. मी साफ नाही केलं, तसाच ठेवला.

ठिपका चढला. पन त्यात एक भानगड झाली. आमच्या नकाशात जेवढे लोक मेले तेवढा ठिपका मोठा. एक मानूस म्हणजे सुईच्या टोकावढा. फोनवर बोट ठेवलं की बाजूचाच कोनतातरी मोठा पूर उघडे. मी सरांशी भांडली. म्हटलं, माही आई वाचू शकत नाही, तिले बोटानंच शोधाचं हाये. मंग एका मानसाचे जेवढे ठिपके होते, साऱ्या दुनियेतले, ते सगळे बोटात येतीन एवढे मोठे केले. हजारो होते पियूष. नकाशा एकदम लाल-निळा झाला. सर म्हणाले, आधीच करायला हवं होतं.

आईले शिकवलं. भिलाई कुठी हाये ते ती आता डोळे झाकून दाबते. दाबलं की तू बोलतो. "मी पियूष. टिकाराम माहा बाप. त्या दिवशी तो पिऊन नव्हता. त्याले ऊन लागलं होतं." एवढं झालं की ती फोन उलटा ठेवते. दरवेळी. शेजारच्या बायांले ऐकवते, नळावर ऐकवते, त्या मागच्या रांगेतल्या दोघांच्या घरी जाऊन ऐकवून आली. "ऐका, पिऊन नव्हता." अन् तेवढ्यावर फोन उलटा. पुढं तू काय बोलला ते तिनं कोनालेच ऐकू दिलं नाही. स्वतःही ऐकलं नाही.

देवराव दवाखान्यात हाये, मांडीचं कातडं गेलं. बाहेर पोलिस बसले हायेत, त्याच्याही नावानं केस झाली. बाबुलाल काका म्हणतात डोळा नीट झाला की मीही कोर्टात बोलतो. मैनाबाई त्याईच्यावर खेकसली, पन नको म्हणाली नाही.

मी तुले माफ केलं का, असं तू मावशीले विचारलं म्हणे. नाही केलं. बाबाचे नखं माह्या डोळ्यासमोरून जात नाहीत. अन् तुह्या फुटक्या तोंडातून "माहा बाप" ऐकलं की मी मोरीत जाऊन नळ सोडून बसते. दोन्ही होऊन राहिलं, मी काय करू?

उद्या दुर्गच्या कोर्टात तुही पेशी. तिथं व्हरांड्यात थोडा वेळ भेटू देतात, पन एकाच मानसाले. मी बाहेर उभी राहीन, म्हणून हे लिहून आईजवळ देऊन राहिली.

आज सकाळी आई भाकरी थापून बसली होती. फोन घेतला, भिलाई दाबली. मी पाठमोरी होती. "त्याले ऊन लागलं होतं" झालं, अन् फोन उलटा ठेवल्याचा आवाज आला नाही. तू पुढं बोलत राहिला. "मी त्याले मारलं. दोनदा मारलं. मी त्याले कोंडलं. तो दार ठोकत होता, मी उघडलं नाही." आईनं सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. मंग डबा घासाले घेतला अन् मले विचारलं, दात पडले तं त्याले भाकरी चावता येईल का, का भात नेऊ?

भात आणून राहिली. पन पहिले ती तुले मारंल, व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. हात आडवा धरू नको. मार खाऊन घे, मंग जेव.

ताई